लिनिया टी-जेट: दीड लाखात ताकद वाढवायची आहे, सुरुवात कुठून करू?

पसरणीकर

नमस्कार मंडळी,

मागच्या दिवाळीत २०१४ची फियाट लिनिया टी-जेट (टर्बो पेट्रोल) घेतली. कोथरूडच्या एका काकांची होती. ७८ हजार किलोमीटर झालेले, सर्व्हिसच्या पावत्या तारखेप्रमाणे फायलीत लावलेल्या. माझी नोकरी चाकणला आणि घर वाईला, त्यामुळे दर शनिवारी खंबाटकी ठरलेली. रविवारी पहाटे रस्ता मोकळा असतो तेव्हा पसरणी घाट चढून पाचगणीला चहा. हा घाट मी वडिलांच्या मांडीवर बसल्यापासून बघतोय, आणि या गाडीत तो पहिल्यांदाच छोटा वाटला.

गाडी मूळ स्वरूपात आहे: १३६८ सीसी, ११४ पीएस ताकद, २०७ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर). एकूण दीड लाख खर्च करायची तयारी आहे. साठ हजार आत्ता हातात आहेत, उरलेले बोनस आल्यावर. डोक्यात असलेली यादी अशी: कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर), मोठा डाउनपाइप (टर्बोनंतरची धुराची नळी), ईसीयू रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं), आणि जमलं तर ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (टर्बोचा जादा दाब सोडणारी झडप). आधी काय करू, नंतर काय? ज्यांनी केलंय त्यांनी खर्चासकट सांगावं ही विनंती.

चिंचवडी

वाचतोय. माझ्या मनातलाच धागा.

बूस्टबंड्या

भावा, सरळ रिमॅप. टर्बो गाडीत रुपयाला सगळ्यात जास्त ताकद तिथंच मिळते. साध्या इंजिनात फिल्टर बदल, सायलेन्सर बदल, हाती पाच घोडे येतात. टर्बोत हवा किती दाबायची हे सॉफ्टवेअर ठरवतं, ते बदललं की गाडी बदलली. मी माझ्या टी-जेटला केलंय, ४२ हजार लागले. दुसऱ्या दिवशी ऑफिसला लांबच्या रस्त्याने गेलो, इतकं सांगतो.

नानाफिटर

पसरणीकर, अभिनंदन. चांगली गाडी घेतलीस. तुला अरे-तुरे करतो, माझा मुलगा तुझ्याच वयाचा असेल.

कोल्हापुरात उद्यमनगरात तीस वर्षं इंजिनं उघडतोय. टर्बोच्या बऱ्याच गाड्या माझ्याकडे रिमॅपनंतर आल्या, आणि त्यातल्या बहुतेकांचं दुखणं रिमॅपच्या आधीचं होतं. मॅपने फक्त ते बाहेर काढलं. बारा वर्षांच्या गाडीत बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब) वाढवायचा म्हणजे आधी तिची तब्येत बघायची. क्रमाने सांगतो.

पहिलं, कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते मोजणं. चारही सिलिंडरचे आकडे लिहून घे. आकडा किती हे बघच, पण चौघांत फरक किती हे जास्त महत्त्वाचं. सगळ्यात वरच्या आणि खालच्या आकड्यात दहा टक्क्यांपेक्षा जास्त अंतर असेल तर पुढचा विचार थांबव.

दुसरं, स्मोक टेस्ट. टर्बोपासून इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा) आणि तिथून थ्रॉटलपर्यंतच्या होजमध्ये धूर सोडायचा आणि कुठून बाहेर येतो ते बघायचं. रबरी होज आतून तेलकट होतात, क्लॅम्पपाशी चिरतात. गळती असली की ठरलेला दाब गाठायला टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं. तुला गाडी ठीकच वाटते, पण टर्बो बिचारा धापा टाकत असतो. वर मॅप टाकलास तर तो आणखी पळणार.

तिसरं, टायमिंग बेल्ट. फायलीत बदलल्याची पावती आहे का बघ. किलोमीटर कमी असले तरी वर्षं मोजायची, रबर वयानेही जातं. पावती नसेल तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदल. उघडायची मजुरी एकदाच पडते.

चौथं, प्लग काढून त्यांचा रंग बघ. प्लग म्हणजे इंजिनाची जीभ, डॉक्टर आधी तीच बघतो.

हे सगळं वीस-पंचवीस हजारांत बसेल. मग ताकदीचं बोलू.

बूस्टबंड्या

नाना, सगळं मान्य, पण एवढं करेपर्यंत माणसाचा उत्साह जातो हो. माझी गाडी ९० हजारांवर होती, काहीही न तपासता मॅप केला, २० हजार किलोमीटर झाले, मस्त पळतेय.

नानाफिटर

पळू दे, चांगलंच आहे. तरी पुढच्या सर्व्हिसला होज बघून घे. तुझ्या गाडीचं वाईट चिंतून सांगत नाही.

आलेख_डोंबिवली

मी इंजिन टेस्टिंगमध्ये काम करतो. इथे थोडं गणित मांडतो, कारण त्याशिवाय रिमॅपमध्ये नेमकं काय विकत घेतोय ते कळत नाही.

पीएस काढायचं सूत्र: टॉर्क गुणिले आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे), भागिले ७०२४. टी-जेटचा २०७ न्यूटन-मीटर २२०० आरपीएमला येतो. तिथे ताकद होते साधारण ६५ पीएस. कमाल ११४ पीएस ५००० आरपीएमला. उलटं गणित केलं तर ५००० ला टॉर्क उरतो १६० च्या आसपास. म्हणजे कंपनीने खाली भरपूर टॉर्क दिलाय आणि वर हळूहळू सोडून दिलाय. शहरात चालवायला सोयीचं, पण घाटात तिसऱ्या गिअरमध्ये साडेचार हजारांच्या पुढे गाडी सुस्तावते ती यामुळे.

आता समजा कमाल टॉर्क वाढवलाच नाही, फक्त २०० न्यूटन-मीटर ५००० आरपीएमपर्यंत टिकवला. ताकद होईल १४२ पीएस. याच इंजिनाची पुंतो अबार्थ आठवा: १४५ पीएस, टॉर्क मात्र २१२च. तीच युक्ती.

म्हणून ट्यूनरला 'किती पीएस मिळतील' हे विचारूच नका. 'टॉर्कचा आलेख कसा ठेवणार' हे विचारा. २६०-२७० न्यूटन-मीटर २००० आरपीएमलाच देणारा मॅप पहिल्या दिवशी सीटला चिकटवतो, आणि क्लच, गिअरबॉक्स, कनेक्टिंग रॉड यांच्यावर सगळ्यात जास्त भार तिथेच येतो. मी असतो तर २३५-२४० वर मर्यादा घातली असती, तीही २५०० आरपीएमनंतर, आणि मधला पट्टा भरून घेतला असता. क्लच मूळचा असेल तर हे अधिकच गरजेचं.

चिंचवडी

दंडवत घ्या. एवढं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं.

मुक्ता_नाशिक

मी पोलो जीटी टीएसआय चालवते, फियाट नाही, पण रस्ता तोच डोंगराचा. नाशिक-मुंबई महिन्यातून तीनदा, म्हणजे कसारा.

पसरणीकर, तुमच्या यादीत चारही वस्तू पळवणाऱ्या आहेत, थांबवणारी एकही नाही. मी नेमकं तेच केलं होतं. आधी मॅप, मग बाकी बघू. त्या पावसाळ्यात कसारा उतरताना पुढचा टेम्पो अचानक थांबला. गाडी थांबली, पण पेडल पार खाली गेलं होतं आणि टायर ओल्या रस्त्यावर घसरत होते. अर्ध्या मीटरने वाचले. मागच्या सीटवर आई होती. ती एक शब्द बोलली नाही, शहापूर येईपर्यंत माझ्या खांद्यावर हात ठेवून बसली होती. दुसऱ्याच आठवड्यात मी टायर, पॅड आणि ब्रेक ऑइल बदललं.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ नवीन असताना २३० अंशांच्या वर उकळतं, ओलावा धरल्यावर तीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. घाट उतरताना डिस्क तापल्या की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडतं. बदलायला हजार-दीड हजार लागतात, दर दोन वर्षांनी. यापेक्षा स्वस्त अपग्रेड मला माहीत नाही.

टायरच्या कडेला डॉट अक्षरांनंतर शेवटचे चार आकडे असतात, ते वाचा. आधी आठवडा, मग वर्ष.

पसरणीकर

मुक्ताताई, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच खाली पार्किंगमध्ये गेलो. मोबाइलच्या उजेडात चारही टायर बघितले. २३१७. म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. खाचा भरपूर शिल्लक आहेत म्हणून मी निश्चिंत होतो. रबर नखाने दाबलं तर दबतच नाही.

नाना, बेल्टची पावती फायलीत नाही.

नानाफिटर

मग साठ हजारांचं उत्तर तुला मिळालं.

विदर्भवारा

नागपूरहून बोलतो. आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ ला टेकतो, त्या हिशोबाने दोन गोष्टी सांगतो.

कोन फिल्टर उघडा लावू नका. बॉनेटखालची हवा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी गरम असते, आणि उघडा कोन तीच ओढतो. आवाज छान येतो, मान्य, पण गरम हवा विरळ. शिवाय इनटेकचं तापमान वाढलं की नॉक (इंधन अवेळी पेटून बसणारा ठोका) येतो, ईसीयू इग्निशन मागे घेतो, आणि तुम्ही पैसे देऊन ताकद घालवता. मूळ एअरबॉक्स बाहेरून थंड हवा घेतो, त्यात चांगला पॅनल फिल्टर पुरे. मी दोन्ही लावून ओबीडीवर (गाडीच्या निदान-पोर्टवर) तापमान बघितलंय. सिग्नलला उभं राहिल्यावर कोन लावलेल्या गाडीत आकडा झपाझप चढत होता राजेहो.

दुसरं, इंटरकूलर. टी-जेटला हवेवर थंड होणारा आहे. मॅपनंतर सलग तीन-चार वेळा जोर लावला की तो तापतो. डाउनपाइपच्या पैशात थोडे घालून मोठा इंटरकूलर घ्या. आमच्या उन्हाळ्यात त्याचा उपयोग रोज दिसतो.

बूस्टबंड्या

कोनबद्दल मी पण सहमत, माझा काढून टाकलाय. पण डाउनपाइपचा फायदा असतो हां. टर्बोच्या पुढची अडचण कमी झाली की तो लवकर जागा होतो.

वकील_रत्नागिरी

फायदा असेल, पण बाजारात 'डाउनपाइप' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच नळ्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) नसतो. तो काढला की गाडी उत्सर्जनाच्या नियमांबाहेर जाते. पीयूसी काढताना अडचण येणं हा त्यातला लहान भाग.

कायदा थोडक्यात सांगते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला मनाई करतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेल्या बदलाबद्दल मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द लक्षात ठेवा.

मला जास्त काळजी विम्याची वाटते. अपघात झाला, सर्व्हेअरने बदल पाहिला आणि तुम्ही तो कंपनीला कळवला नव्हता, तर दावा अडू शकतो. समोरच्या माणसाला इजा झाली असेल तर प्रकरण तुमच्या खिशापुरतं राहत नाही. माझ्याकडे असा एक अशील आला होता. त्याची चूक अपघातात नव्हतीच, तरी दोन वर्षं कोर्टात येत राहिला. काहीही करण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या.

स्टुटगार्टचा_पाहुणा

इथे जर्मनीत बदल करता येतात, पण प्रत्येक भागाला कागद लागतो. माझ्या सहकाऱ्याने गाडीला वेगळ्या स्प्रिंगा लावल्या. तपासणी संस्थेकडे नेऊन त्या मंजूर करून घेतल्या, मग गाडीच्या कागदपत्रांत नोंद झाली. ती नोंद नसती तर त्या गाडीला रस्त्यावर यायची परवानगीच राहिली नसती. आपल्याकडे अशी तपासून नोंद करायची सोपी वाट असती तर हौशी लोक आनंदाने रांगेत उभे राहिले असते, असं मला मनापासून वाटतं. पुण्यात तपासणी करू शकणारी माणसंही आहेत, यंत्रंही आहेत.

जुनी_पद्मिनी

अवांतर करते, माफ करा. लिनियाचं नाव वाचून गलबलून आलं. आमच्या घरात पहिली गाडी प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. बाबा तिला शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणायचे. मग दादाने पालिओ घेतली, मी पुंतो. रांजणगावच्या कारखान्यावरून जाताना अजून मान वळते. २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी गेली त्या दिवशी बाबांचा फोटो काढून पुसला. पसरणीकर, जे काही कराल ते करा, पण हिला जपा. आता नवीन मिळणार नाही.

चिंचवडी

ताई, बाबांच्या पद्मिनीवर वेगळा धागा काढाच. वाट बघतो.

आलेख_डोंबिवली

पेट्रोलचा मुद्दा राहिला, आणि माझ्या मते तोच सध्या सगळ्यात महत्त्वाचा आहे.

ही गाडी बनली तेव्हा पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) नव्हतं. आता तेच मिळतं. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, त्यामुळे नॉकच्या बाबतीत टर्बोला ते मानवतं. पण ते जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ ला १, इथेनॉलला साधारण ९ ला १. मिश्रण केल्यावर ई२० ला ते १३.५ च्या जवळ येतं. म्हणजे तेवढ्याच हवेला जास्त इंधन टाकावं लागतं. सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू ती दुरुस्ती स्वतः करतो. पूर्ण थ्रॉटलला बरेचदा तो सेन्सरकडे बघत नाही, नुसत्या तक्त्यावर चालतो. तक्ता जुन्या पेट्रोलचा असेल तर मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने इंधन कमी), आणि जास्त बूस्टवर पातळ मिश्रण म्हणजे वितळलेला पिस्टन.

म्हणून जुनी, तयार फाइल टाकून घेऊ नका. मॅप तुमच्याच गाडीवर, तुम्ही रोज भरता त्याच पेट्रोलवर, वाइडबँड सेन्सर (हवा-इंधनाचं प्रमाण अचूक मोजणारा) लावून करून घ्या. १०० ऑक्टेनचं पेट्रोल भरून डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) आकडा काढायचा आणि मग खंडाळ्याच्या पंपावर साधं भरायचं, हे करू नका.

आणि वाई-पाचगणी-महाबळेश्वरवाल्यांसाठी खास: उंचीवर बाहेरचा दाब कमी असतो. मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) तोच दाब हवा असेल तर टर्बोला जास्त फिरावं लागतं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, आणि या इंजिनाचा टर्बो आकाराने छोटा. मॅपमध्ये उंचीची मर्यादा जागेवर ठेवली आहे का, हे विचारून घ्या.

बूस्टबंड्या

आलेखभाऊ, हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. माझा मॅप २०२३ मधला आहे.

आलेख_डोंबिवली

घाबरू नका. ओबीडी डोंगल लावून फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनात किती टक्के दुरुस्ती करतोय) बघा. सतत सात-आठ टक्के अधिक दिसत असेल तर ईसीयू भरपाई करतोय. तोवर पूर्ण थ्रॉटल टाळा आणि ट्यूनरकडे वाइडबँडवर एक तपासणी करून घ्या.

बूस्टबंड्या

करतो. नाना, होजही बघतो.

पसरणीकर

तीन आठवड्यांनी येतोय. मंडळी, तुमच्यामुळे माझी यादी पूर्ण बदलली.

कोल्हापूरला नानांकडे जाऊन आलो. कॉम्प्रेशन: १७२, १७०, १७४, १६८ पीएसआय. नानांनी आकडे वहीत लिहिले आणि पहिल्यांदा हसले. स्मोक टेस्टला मात्र इंटरकूलरच्या खालच्या होजमधून धुराची बारीक रेघ निघाली. क्लॅम्पच्या आत चीर होती, बाहेरून बघून कधीच कळली नसती. होज, बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, प्लग, इंजिन ऑइल मिळून २६ हजार. चार टायर, मूळच्याच मापाचे २०५/५५ आर१६, ३४ हजार. पुढचे पॅड आणि डॉट ४ मिळून साडेपाच हजार. साठच्या वर थोडं गेलं, ते वडिलांनी न विचारता दिले.

परवा पसरणी चढलो. होज बदलल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये जे ओढणं जाणवलं ते गाडी घेतल्यापासून कधीच नव्हतं. आणि उतरताना, दत्तमंदिराच्या वळणाला, ब्रेकवर पाय ठेवला की गाडी मुकाट्याने बसते. वडील शेजारी होते. "आता गाडी ऐकते," म्हणाले.

डाउनपाइप आणि ब्लो-ऑफ यादीतून काढले. बोनसच्या पैशातून आधी इंटरकूलर. रिमॅपबद्दल वकीलताईंनी सांगितल्याप्रमाणे विमा कंपनीला पत्र टाकलंय, उत्तर आल्याशिवाय पुढे जाणार नाही. होकार आलाच तर आलेखदादांचे आकडे: २४० ची मर्यादा, २५०० च्या पुढे, ई२० वर, वाइडबँड लावून. २०२९ ला पुनर्नोंदणी येईल, तेव्हा गाडी आरटीओसमोर मान वर करून उभी राहायला हवी.

नाना, हजार किलोमीटरनंतर नवे प्लग काढून बघायला सांगितलं होतंत. फोटो टाकलेत.

मुक्ता_नाशिक

वडिलांचं वाक्य वाचून फार बरं वाटलं. टायरची हवा दर पंधरा दिवसांनी बघा.

नानाफिटर

पहिला, दुसरा, चौथा झकास. फिकट तपकिरी, असाच पाहिजे. तिसरा जरा पांढरट दिसतोय, पण तुझ्या ट्यूबलाइटचा उजेड असेल. उद्या सकाळी बाहेर उन्हात धरून परत फोटो काढ.